मळ्याखाली गेलेले जंगल आणि परिणाम-मूल्यमापनाचे नियम

खाणीसाठी किंवा धरणासाठी जंगल तुटते तेव्हा ते सर्वांच्या डोळ्यांसमोर तुटते, कारण तोडीनंतर तेथे खड्डा उरतो किंवा पाणी साठते. परंतु रबर, तेलताड, चहा, काजू किंवा निलगिरी यांच्या लागवडीसाठी नैसर्गिक वन साफ केले जाते तेव्हा दोन-तीन पावसाळ्यांत त्याच डोंगरावर पुन्हा हिरवळ उभी राहते आणि झालेली हानी उपग्रहाच्या चित्रातून, महसुली दप्तरातून व पुष्कळदा कायद्याच्या नजरेतूनही नाहीशी होते. उष्णकटिबंधातील जंगलनाशाच्या कारणांत शेती आणि मळे यांच्यासाठी होणारी जमीनसफाई आज अग्रभागी आहे, आणि तरीही विकासकामांचे परिणाम आधीच तपासण्यासाठी उभारलेली पर्यावरणीय परिणाम-मूल्यमापनाची यंत्रणा नेमकी याच कारणापुढे सर्वांत दुबळी ठरते. अंमलबजावणीतील ढिलाई हे त्याचे नेहमी सांगितले जाणारे कारण असले, तरी या दुबळेपणाचे मूळ बऱ्याच अंशी नियमांच्या रचनेतच आहे.

परिणाम-मूल्यमापन म्हणजे एखाद्या कामाला परवानगी देण्यापूर्वी त्याचा माती, पाणी, हवा, वनस्पती, प्राणी आणि माणसे यांच्यावर काय परिणाम होईल याचा अभ्यास करून, तो लोकांपुढे ठेवून, मगच निर्णय घेण्याची कायदेशीर पद्धत. अमेरिकेत १ जानेवारी १९७० रोजी अमलात आलेल्या राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायद्याने या पद्धतीचा पाया घातला. भारतात १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात नदी-खोरे प्रकल्पांपासून तिचा वापर सुरू झाला, आणि १९८६ च्या पर्यावरण (संरक्षण) कायद्याखाली २७ जानेवारी १९९४ रोजी निघालेल्या अधिसूचनेने ती बंधनकारक झाली. सध्या १४ सप्टेंबर २००६ ची अधिसूचना, तिच्यात वेळोवेळी झालेल्या बदलांसह, लागू आहे. प्रकल्पाला मूल्यमापन लागते की नाही हे ठरवणारी छाननी, अभ्यासाची व्याप्ती निश्चित करणे, जनसुनावणीसह लोकांचे म्हणणे ऐकणे आणि तज्ज्ञ समितीकडून परीक्षण असे तिचे चार टप्पे आहेत. ‘अ’ गटातील प्रकल्प केंद्राकडे आणि ‘ब’ गटातील राज्यस्तरीय प्राधिकरणाकडे जातात.

या सगळ्याचा आधार अधिसूचनेला जोडलेली अनुसूची हा आहे. खाणी, धरणे, औष्णिक व अणुवीज केंद्रे, तेलशुद्धीकरण, सिमेंट, रसायने, बंदरे, महामार्ग, मोठी बांधकामे यांची तिच्यात नोंद आहे. शेतीच्या किंवा बागायतीच्या मळ्यांची नाही. याचा अर्थ असा की २०,००० चौरस मीटर, म्हणजे दोन हेक्टर, बांधकाम असलेल्या इमारतीला पूर्वपरवानगी लागते, पण दोनशे हेक्टर डोंगरउतारावरचे वन काढून तेथे एकच पीक लावायचे असेल तर या अधिसूचनेखाली कोणालाही काहीही विचारावे लागत नाही. अनुसूची तयार करताना ‘प्रकल्प’ ही कल्पना कारखान्यावरून बेतली गेली: एक मालक, एक जागा, बांधकाम सुरू होण्याची एक तारीख, धूर किंवा सांडपाणी बाहेर पडण्याचे एक ठिकाण. मळा यांपैकी कशातच बसत नाही. तो आज चार एकर, पुढच्या वर्षी शेजारचे सहा एकर असा वेगवेगळ्या खातेदारांच्या नावांवर पसरत जातो, आणि शेतीला हात लावायचा नाही या राजकीय संकोचामुळे नियम करणारेही त्याच्यापासून दूर राहतात.

जेथे मूल्यमापन लागते तेथेही ते निर्दोष असते असे नाही. अहवाल तयार करणारा सल्लागार प्रकल्पधारकाने नेमलेला आणि त्याच्याकडून मोबदला घेणारा असतो, आणि मूळ परिस्थितीची माहिती बहुधा पावसाळा वगळून एका हंगामात गोळा केली जाते. सह्याद्रीसारख्या प्रदेशात, जेथे बेडूक, ओढे, दरडी आणि अर्धी वनस्पतिसृष्टी पावसाळ्यातच डोळ्यांपुढे येते, तेथे हा हंगाम वगळणे म्हणजे प्रश्नाचा गाभाच वगळणे होय. रत्नागिरी जिल्ह्यातील एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातील खाणीच्या अहवालातले उतारे तसेच उतरवलेले आढळले होते. म्हणून मळ्यांचा समावेश अनुसूचीत केला की काम झाले, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

भारतात ही पोकळी काही अंशी वनकायद्याने भरून काढली आहे, आणि त्यामागे एक कडवट इतिहास आहे. राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७२ च्या अंतरिम अहवालात उत्पादक वनशेतीचा, म्हणजे मिश्र नैसर्गिक वने काढून त्या जागी उद्योगांना लागणाऱ्या लाकडाची ‘मानवनिर्मित वने’ उभारण्याचा, पुरस्कार केला आणि त्यासाठी स्वायत्त महामंडळांची शिफारस केली. महाराष्ट्राचे वनविकास महामंडळ १९७४ मध्ये स्थापन झाले ते याच विचारातून, आणि विदर्भातील पुष्कळशा मिश्र वनांच्या जागी सागाच्या ओळी उभ्या राहिल्या त्याही याच धोरणाखाली. बस्तरमध्ये सालवनाच्या जागी पाइन लावण्याची जागतिक बँकेच्या साहाय्याची योजना आदिवासींच्या विरोधामुळे सोडून द्यावी लागली. १९७८ च्या सुमारास सिंहभूममध्ये लोकांनी सागाच्या रोपवाटिकांवर हल्ले केले, कारण सालापासून बी, पाने, डिंक आणि सावली मिळत होती आणि सागापासून त्यांना यांतले काहीच मिळणार नव्हते. हे आंदोलन करणाऱ्यांनी परिणामांचे जे मूल्यमापन केले होते, ते त्या काळातील कोणत्याही सरकारी अहवालापेक्षा अधिक अचूक होते.

या अनुभवानंतर १९८० च्या वन (संरक्षण) कायद्यात १९८८ मध्ये झालेली दुरुस्ती आजच्या प्रश्नाच्या दृष्टीने फार मोलाची आहे. ‘वनेतर कारण’ म्हणजे काय हे सांगताना तिने चहा, कॉफी, मसाले, रबर, ताडवर्गीय झाडे, तेलबिया देणाऱ्या वनस्पती, फळबागा आणि औषधी वनस्पती यांची लागवड स्पष्ट शब्दांत त्यात घातली; म्हणजे वनजमिनीवर यांपैकी काहीही लावण्यासाठी केंद्राची पूर्वसंमती आवश्यक झाली. त्याच दुरुस्तीने आणखी एक कलम जोडले, ज्यानुसार आपोआप वाढलेली झाडे काढून त्या जागी पुन्हा वनीकरण करायचे असले तरी संमती लागते. नैसर्गिक वन आणि लावलेले वन यांत फरक आहे, आणि एकाच्या जागी दुसरे आणणे ही तपासून पाहण्याची गोष्ट आहे, हे भारतीय कायद्याने इतक्या थेटपणे क्वचितच मान्य केले आहे. अर्थात केंद्राने मंजूर केलेल्या कार्यआयोजनेतून, म्हणजे वनविभागाच्या दीर्घ मुदतीच्या नियोजनातून, हीच गोष्ट घडवून आणण्याची वाट मोकळी राहिली.

शिवाय हा कायदा ‘वनजमिनी’पुरता आहे. सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन खटल्यात वन या शब्दाचा शब्दकोशातील अर्थ घ्यावा, मालकी कोणाची हे पाहू नये, असे सांगितल्याने खासगी वनेही तत्त्वतः त्याच्या कक्षेत आली. पण अशा वनांची गावनिहाय ओळख पटवून याद्या करण्याचे काम अनेक राज्यांत अपुरे राहिले. २०२३ च्या दुरुस्तीने ही कक्षा पुन्हा आखडली, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम आदेशाने १९९६ ची व्याख्या तूर्त कायम ठेवली.

या कायदेशीर पोकळीचे प्रत्यक्ष रूप पाहायचे तर सिंधुदुर्गातील दोडामार्ग आणि सावंतवाडी तालुक्यांइतके बोलके उदाहरण महाराष्ट्रात दुसरे नाही. गोव्याच्या म्हादई आणि कर्नाटकाच्या भीमगड अभयारण्यांना राधानगरीच्या वनाशी जोडणारा हा पट्टा वाघांचा जाण्यायेण्याचा मार्ग आहे, आणि २००२ पासून कर्नाटकातून उतरलेल्या हत्तींचा वावरही येथे आहे. परंतु येथील वनाचा मोठा भाग सरकारी नसून खासगी किंवा सामायिक मालकीचा आहे. सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावे, त्यांतली निम्मी मुंबईत, जमिनीची वाटणी न झालेली आणि उत्पन्न जवळजवळ शून्य, अशा स्थितीत एखादा दलाल सर्वांच्या सह्या गोळा करून एकरकमी पैसे देऊ लागतो तेव्हा ती जमीन विकली जाते. केरळातील रबर लागवडदारांनी येथे अशाच मार्गाने जमिनी घेतल्या. त्या कुटुंबांना दोष देणे सोपे आहे, पण उभे जंगल राखल्याबद्दल त्यांना कोणीही कधी एक रुपया दिलेला नव्हता.

विक्रीनंतरचा क्रम ठरलेला आहे. ऐन, किंदळ, जांभूळ, रतांबा यांची तोड होते, यंत्रे लावून उतारावर पायऱ्या कापल्या जातात, हेक्टरी चारशे ते पाचशे रबराची रोपे लागतात आणि पहिली काही वर्षे ओळींमधल्या जागेत अननस घेतला जातो. झाडाला चीक धरण्याजोगे खोड यायला सुमारे सात वर्षे लागतात. तोवर आणि त्यानंतरही चीक काढणाऱ्याला ओळींतून फिरता यावे म्हणून खालचा झाडोरा काढून टाकावा लागतो. कोकणातल्या तीन-चार हजार मिलिमीटर पावसात हा झाडोरा आणि पालापाचोळा हेच मातीचे कवच असते. ते गेले की पावसाळ्यात वहाळ गढूळ होतात आणि उन्हाळ्यात लवकर आटतात.

दोडामार्ग तालुक्यातच हेवाळे-बांबर्डे येथे कान्हळाची राई म्हणून ओळखली जाणारी देवराई आहे. जायफळाच्या कुळातील वृक्षांचे गोड्या पाण्यातील दलदली वन तेथे टिकून आहे. त्या वृक्षांची मुळे श्वासासाठी चिखलातून गुडघ्यासारखी वर येतात आणि पुन्हा खाली जातात. जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झालेल्या या राईचे क्षेत्र जेमतेम अडीच हेक्टर आहे. वरच्या उतारावरचा झरा आटवणारा एखादा मळा तिला संपवायला पुरेसा आहे, आणि तो मळा केवळ क्षेत्रफळावर बेतलेल्या मर्यादेखाली सहज राहू शकतो.

खासगी जागेवरील तोडीला राज्याचा १९६४ चा वृक्षतोड विनियमन कायदा लागू होतो. त्याच्या मूळ तरतुदीतील दंड एक हजार रुपयांपर्यंतचा होता, जो डोंगर साफ करणाऱ्याच्या खर्चात किरकोळ बाब ठरतो. ‘आवाज फाउंडेशन’ आणि ‘वनशक्ती’ या संस्था न्यायालयात गेल्यानंतर मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये या पट्ट्यातील वृक्षतोडीवर बंदी घातली, पण तोडीच्या तक्रारी थांबल्या नाहीत. मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने पट्ट्यातील २५ गावे पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित करण्याचे निर्देश दिले. मळ्याचे परिणाम आधी तपासण्याची प्रक्रियाच नसल्याने तोड होऊन गेल्यावर न्यायालयाने हस्तक्षेप करणे एवढाच उपाय हाती राहिला, आणि त्यालाही दहा वर्षांहून अधिक काळ लागला.

हानी नजरेआड होण्याचे दुसरे कारण मोजणीच्या पद्धतीत आहे. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या दर दोन वर्षांनी निघणाऱ्या अहवालात एक हेक्टरपेक्षा मोठ्या आणि दहा टक्क्यांहून अधिक वृक्षाच्छादन असलेल्या सर्व जमिनी, मालकी, जाती किंवा वापर न पाहता, वनाच्छादन म्हणून धरल्या जातात. फळबागा, बांबू, ताडवर्गीय झाडे आणि रबराचे मळे या व्याख्येत सहज बसतात. परिणामी सदाहरित वन जाऊन रबर आले तर एखाद-दुसऱ्या अहवालात घट दिसते, आणि रबराचा माथा पसरला की ती भरून निघते. ज्या आकड्यांवरून धोरण ठरते त्यांतच मूळ वन आणि मळा यांचा भेद पुसला जात असेल, तर अनुसूचीत मळ्याची नोंद का नाही या प्रश्नाला तातडी येत नाही. आकडेवारी गोळा करणाऱ्यांचा हेतू काहीही असो, या व्याख्येने देशातील नैसर्गिक वनांचे मोठे नुकसान केले आहे.

मळ्यांना मूल्यमापन लागू करणाऱ्या देशांचा अनुभव येथे पाहणे आवश्यक ठरते. मलेशियाने १९८७ च्या आदेशाने ५०० हेक्टर किंवा त्याहून अधिक वन शेतीखाली आणणाऱ्या योजनांना मूल्यमापन बंधनकारक केले. अशी मर्यादा आली की तिच्या किंचित खाली राहणारे तुकडे पाडणे हा उघड मार्ग असतो, आणि २०१५ च्या नव्या आदेशात २० ते ५०० हेक्टरांचा वेगळा गट घातला गेला. मात्र सबा आणि सारावाक या मलेशियाच्याच राज्यांचे नियम स्वतंत्र आहेत, आणि सर्वाधिक वन तेथेच होते.

इंडोनेशियातील ‘आमदाल’ ही मूल्यमापनपद्धती १९८६ च्या नियमापासून चालत आली असून २०१२ च्या यादीत बहुवार्षिक पिकांच्या मळ्यांसाठी ३,००० हेक्टरांची मर्यादा होती. या पद्धतीची सर्वांत मोठी परीक्षा १९९५ मध्ये झाली, जेव्हा अध्यक्ष सुहार्तो यांनी मध्य कालिमांतानमधील दहा लाख हेक्टर दलदली वन भातशेतीखाली आणण्याचा आदेश काढला. ही जमीन ‘पीट’ची, म्हणजे पाण्यात अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या कित्येक मीटर जाड थराची होती; कालवे खोदून तिच्यातले पाणी काढले की ती वाळते, खचते आणि पेट घेते. मूल्यमापन अहवाल आला तो कालव्यांची खोदाई सुरू झाल्यानंतर. भात पिकला नाही, योजना १९९९ पर्यंत गुंडाळली गेली, पण कोरडे पडलेले पीट १९९७ पासून पुन्हा पुन्हा जळत राहिले. २०१५ च्या आगींत देशभरात सुमारे २६ लाख हेक्टर क्षेत्र जळाले, आणि जागतिक बँकेने नुकसानीचा अंदाज १६ अब्ज डॉलर केला. पीट कोरडे केल्यास ते जळेल हे मृदाशास्त्रज्ञांना आधीच ठाऊक होते, आणि म्हणूनच या उदाहरणातला दोष ज्ञानाच्या अभावाचा नसून ते ज्ञान निर्णयापूर्वी मागण्याची सक्ती पाळली न गेल्याचा आहे.

इंडोनेशियाने २०११ मध्ये प्राथमिक वने व पीट यांवरील नव्या परवान्यांना स्थगिती दिली आणि २०१९ मध्ये ती कायम केली. तेलताडाच्या नव्या परवान्यांवरील २०१८ ची तीन वर्षांची स्थगिती मात्र २०२१ मध्ये संपू दिली. त्याच सुमारास, २०२० च्या रोजगारनिर्मिती कायद्याने आमदालमधील लोकसहभाग थेट बाधित समुदायांपुरता सीमित झाला. लियान पिन कोह आणि डेव्हिड विल्कोव्ह यांनी २००८ मध्ये मांडलेल्या विश्लेषणानुसार १९९० ते २००५ या काळात मलेशिया आणि इंडोनेशिया या दोन्ही देशांत तेलताडाचा निम्म्याहून अधिक विस्तार वन हटवून झाला होता.

क्षेत्रमर्यादेच्या प्रश्नाचे सर्वांत स्वच्छ कायदेशीर उत्तर अनपेक्षितपणे आयर्लंडच्या एका खटल्यातून मिळाले. युरोपीय मूल्यमापन निर्देशाच्या दुसऱ्या परिशिष्टात प्रथमच होणारे वनीकरण आणि जमिनीचा वापर बदलण्यासाठी होणारी वनतोड या दोहोंचा उल्लेख आहे, म्हणजे झाडे लावणे हेदेखील तपासणीयोग्य काम मानले आहे. आयर्लंडने वनीकरण आणि पीट उत्खनन यांसाठी केवळ क्षेत्रफळाच्या मर्यादा ठरवल्या होत्या. युरोपीय न्यायालयाने सप्टेंबर १९९९ मध्ये त्या अमान्य केल्या, कारण जागेची नाजूकता आणि लहान लहान कामांचा एकत्रित परिणाम यांचा त्यांत विचार नव्हता. भारतीय अनुसूचीत दुरुस्ती करायची झाल्यास कसोटी हीच असायला हवी: नैसर्गिक वन किती हेक्टर जाते यापेक्षा ते कोठे आणि कोणत्या पाणलोटात जाते. आणि चार एकरांच्या खातेदारावर अहवालाचा खर्च टाकणे अन्यायाचे असल्याने, मूल्यमापन एकेका मळ्याचे न करता तालुक्याचे किंवा खोऱ्याचे करावे लागेल व ते लागवडीला अनुदान देणाऱ्या यंत्रणेनेच, अनुदान जाहीर करण्यापूर्वी, करून घ्यावे लागेल.

ही सूचना अवास्तव नाही, कारण आज भारतात मळ्यांचा विस्तार मोठ्या प्रमाणात सरकारी योजनांतून होत आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय खाद्यतेल-तेलताड अभियानाचा आराखडा ११,०४० कोटी रुपयांचा आहे, आणि ६.५ लाख हेक्टरांच्या नव्या लागवडीपैकी ३.२८ लाख हेक्टर ईशान्येत करण्याचे उद्दिष्ट त्यात ठेवले गेले. एकूण अभियानाचे पर्यावरणीय मूल्यमापन करावे अशी कायदेशीर अपेक्षाच नाही. लागवड पडीक जमिनीवर होईल असे सांगितले जाते. पण ईशान्येत ‘पडीक’ दिसणारी जमीन बहुधा झूम पद्धतीतील, म्हणजे फिरत्या शेतीतील, विश्रांती घेणारी आणि पुन्हा वन होऊ लागलेली जमीन असते. मिझोराममधील डंपा व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात टी. आर. शंकर रामन आणि जयदेव मंडल यांनी केलेल्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वनपक्ष्यांची विविधता तेलताडाच्या मळ्यांपेक्षा झूमच्या परिसरात स्पष्टपणे अधिक आढळली. अंदमानातील धडाही जुनाच आहे: लिटल अंदमान बेटावर १९७० च्या दशकात वर्षावन साफ करून सुमारे १,६०० हेक्टरांवर तेलताड लावला गेला, आणि शेखर सिंह आयोगाच्या अहवालानंतर सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये बेटांवरील अशा एकपिकी मळ्यांचा विस्तार थांबवला.

पश्चिम घाटाच्या बाबतीत ही संधी दोनदा आली होती. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ मध्ये संपूर्ण घाटाला संवेदनशीलतेच्या तीन श्रेणींत विभागून लागवडीच्या पद्धतींसह जमिनीच्या वापराचा विचार केला होता. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखालील २०१३ च्या कार्यगटाने मात्र उपग्रहचित्रांवरून घाटाचे ‘नैसर्गिक’ आणि ‘सांस्कृतिक’ असे दोन भूप्रदेश पाडले आणि घाटाच्या सुमारे ३७ टक्के, नैसर्गिक म्हणून निवडलेल्या भागापुरते संरक्षण सुचवले. जेथे वन आधीच मळ्यांनी गिळले होते तो भाग त्यामुळे आपोआप सांस्कृतिक ठरून कक्षेबाहेर गेला. २०१४ पासून जुलै २०२४ पर्यंत निघालेल्या सहा प्रारूप अधिसूचनांत खाणी, औष्णिक केंद्रे आणि मोठी बांधकामे यांवर निर्बंध आहेत; मळ्यांच्या विस्तारावर नाहीत.

प्रश्नाकडे उलट टोकाने पाहणारा एक नियम मात्र आता अस्तित्वात आला आहे. युरोपीय संघाच्या २०२३ च्या जंगलतोडमुक्त उत्पादन नियमानुसार गुरे, कोको, कॉफी, तेलताड, रबर, सोयाबीन आणि लाकूड यांपासूनचा माल युरोपात विकायचा असेल तर तो ज्या तुकड्यावर पिकला त्याचे भौगोलिक स्थान द्यावे लागते, आणि ३१ डिसेंबर २०२० नंतर त्या तुकड्यावर वन तुटलेले नाही हे सिद्ध करावे लागते. मळा मोठा की लहान, तो प्रकल्प आहे की नाही, हे हा नियम विचारत नाही. त्याची अंमलबजावणी एकाहून अधिक वेळा पुढे ढकलली गेली आहे, आणि सामायिक सातबाऱ्यावरच्या लहान शेतकऱ्याने हा पुरावा कसा आणायचा याचे उत्तरही अजून तयार नाही. परंतु त्याची खरी मर्यादा बाजारपेठेची आहे. भारतात पिकणारे बहुतेक नैसर्गिक रबर देशातल्याच टायर कारखान्यांत जाते, आणि त्यापासून बनलेला माल देशातच विकला जात असेल तर दोडामार्गच्या उतारावरील चिकाला हा नियम गाठतच नाही. आणि भारत पामतेलाचा जगातील सर्वांत मोठा आयातदार असूनही, सुमात्रा आणि बोर्निओहून येणाऱ्या त्या तेलाच्या आयातीवर शुल्काचे दर वारंवार बदलले जातात, पण ते कोणत्या वनाच्या जागी पिकले याविषयी एकही बंधनकारक अट घातली जात नाही.